ब्रेकर नेमका कितव्या सेकंदाला पडतो?

पत्राचा गोषवारा: पूर्व विदर्भातल्या एका गावात या वाचक ताईंच्या कुटुंबाची जुनी राइस मिल आहे. सासरे गेल्यापासून तीन वर्षं त्या एकट्याच ती सांभाळतात. मुख्य शाफ्टला ४० एचपीची मोटर आहे आणि स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर दोन टप्प्यांत उठवणारा. पावसाळ्यात मोटर जळाली, ती रिवाइंड करून आणली. दिवाळीनंतर धान यायला लागलं आणि तेव्हापासून मोटर सुरू करताना ब्रेकर पडतो. दहा वेळा सुरू केली तर तीन-चार वेळा. रिवाइंडिंगवाला म्हणतो मोटर ठणठणीत आहे, ब्रेकर खराब. म्हणून तेवढ्याच म्हणजे ८० अँपियरचा नवा ब्रेकर टाकून पाहिला, फरक पडला नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून काम बघणारे वायरमन काका म्हणतात, १६० चा टाकू, कटकट मिटेल. पुण्यात नोकरीला असलेले दीर म्हणतात, जुनं सगळं काढा आणि व्हीएफडी (मोटरचा वेग हवा तसा बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवा. ताई विचारतात : ‘कुणाचं ऐकू? काकांना नाही म्हणवत नाही, पण १६० ऐकून पोटात गोळा येतो. व्हीएफडीचा खर्च या हंगामात झेपणारा नाही.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात माझं लक्ष तुमच्याप्रमाणेच ८०, १६० आणि व्हीएफडी यांच्यावर होतं. दुसऱ्यांदा वाचताना दोन वाक्यांशी थांबलो. तुम्ही ती सहज जाता जाता लिहिली आहेत. एक : ‘बटण दाबल्यावर मोटर घुमत उठते, सात-आठ सेकंदांनी स्टार्टरमध्ये खट् होतं आणि तेव्हाच ब्रेकर पडतो.’ दुसरं : ‘रिवाइंड होऊन आली तेव्हा उलटी फिरत होती, काकांनी दोन मिनिटांत सरळ करून दिली.’ तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन वाक्यांत असावं असा माझा अंदाज आहे.

पण आधी तुमच्या प्रश्नाविषयी बोलतो. तुम्ही विचारता, कुणाचं ऐकू. काका, दीर आणि रिवाइंडिंगवाला, तिघंही उपाय सांगताहेत. ब्रेकर का पडतो हे मात्र तिघांपैकी कुणीही सांगितलेलं नाही. काकांना ब्रेकर पडणं थांबवायचं आहे, दिरांना गिरणी नवी करायची आहे, रिवाइंडिंगवाल्याला आपलं काम निर्दोष ठरवायचं आहे. त्यात कुणाची नियत खोटी नाही. पण कारण ठाऊक नसताना या तिघांतून एक निवडायला गेलात तर ती चिठ्ठी उचलल्यासारखी निवड होईल.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की ब्रेकर ‘नाजूक’ आहे. तुम्ही नवा टाकलात आणि तोही तसाच पडतो. दोन वेगळे ब्रेकर एकाच क्षणी एकच गोष्ट सांगत असतील तर ते काय सांगताहेत ते ऐकायला हवं.

मोठी मोटर उठताना ब्रेकर पडला की मी सर्वांत आधी विचारतो, कितव्या सेकंदाला? तुमच्याकडे आहे तशा मोठ्या ब्रेकरला एमसीसीबी म्हणतात. त्याच्या आत दोन पहारेकरी असतात. एक चुंबकी. करंट ब्रेकरच्या रेटिंगच्या साधारण आठ-दहा पट झाला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडतो. दुसरा औष्णिक, म्हणजे दोन धातूंची पट्टी. ती तापून वाकायला वेळ घेते आणि दहा-वीस सेकंदांनी किंवा काही मिनिटांनी पाडते. कोणत्या पहारेकऱ्याने हात घातला हे वेळेवरून कळतं, आणि तेवढं कळलं की शोध निम्मा होतो.

तुमची मोटर ४० एचपी, म्हणजे ३० किलोवॅट. पूर्ण भारावर ती ५४ अँपियरच्या आसपास घेईल. पाटीवर नेमका आकडा असतो, तो बघून ठेवा. हीच मोटर थेट लाइनवर सोडली तर उठताना सहा-सात पट, म्हणजे साडेतीनशे अँपियरच्या घरात ओढेल. ते टाळायलाच स्टार-डेल्टा असतो. आधी स्टारमध्ये जोडल्याने लाइनचा करंट एक तृतीयांश होतो आणि मोटर सव्वाशेच्या आसपास घेऊन उठते. फिरवायचा जोरही मग एक तृतीयांशच मिळतो, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. वेग आला की टायमर स्टारचा कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) सोडतो आणि डेल्टाचा ओढतो. तुमचं ‘खट्’ ते हेच.

बटण दाबताक्षणी तुमचा ब्रेकर पडत नाही, म्हणजे वाइंडिंगमध्ये सरळ शॉर्ट असण्याची शक्यता कमी. अर्ध्या मिनिटाने पडत नाही, म्हणजे पट्टी तापून पडतो असंही नाही. तो नेमका बदलाच्या क्षणी पडतो, आणि तोही दरवेळी नाही. हे ‘दरवेळी नाही’ मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत मध्ये एक रिकामी फट असते, साधारण सेकंदाच्या विसाव्या भागाची. त्या फटीत मोटरला लाइनचा आधार नसतो, पण ती फिरत असते आणि तिच्या पोटात चुंबकत्व उरलेलं असतं. तेवढ्यापुरती ती स्वतःच वीज तयार करते. तुमच्या घरी पूर्वी उखळात धान कांडलं जात असेल. एका उखळावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली, अशी लय लागते. एकीने क्षणभर हात थांबवला आणि लय न बघता पुन्हा मुसळ घातलं तर दोन्ही मुसळं एकमेकांवर आपटतात. डेल्टा लागताना तसंच होतं. लाइनची लाट आणि मोटरच्या पोटातली लाट जुळलेली असेल तर बदल गुपचूप होतो. विरुद्ध असेल तर क्षणभर इतका करंट उसळतो की थेट सुरू केल्यावरच्या झटक्यालाही तो मागे टाकू शकतो. ब्रेकरच्या चुंबकी पहारेकऱ्याला तो शॉर्टसारखाच दिसतो. बदल कोणत्या क्षणी झाला त्यावर हे ठरतं, म्हणून दहातून तीन-चार वेळा.

आता ‘उलटी फिरत होती’ या वाक्याकडे येऊ. मोटरमधून सहा तारा बाहेर येतात, तीन वाइंडिंगची दोन-दोन टोकं. नव्या मोटरवर त्यांना यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि यू२, व्ही२, डब्ल्यू२ म्हणतात, जुन्यांवर ए१, बी१, सी१ अशा खुणा सापडतील. ही टोकं डेल्टात दोन प्रकारे जुळवता येतात. दोन्हींत मोटर त्याच दिशेला फिरते आणि तितकाच भार ओढते. चालू मोटरकडे बघून कुणाला फरक कळणार नाही. पण बदलाच्या क्षणी एका जोडणीत लाइनची लाट मोटरच्या लाटेच्या मागे, म्हणजे मोटरची लाट सरकते त्याच बाजूला असते आणि झटका लहान बसतो. दुसरीत ती पुढे असते, दोघांमधलं अंतर वाढतं आणि झटका मोठा बसतो.

रिवाइंडिंगमध्ये बाहेर काढलेल्या तारांची अदलाबदल होणं नवीन नाही. मोटर उलटी फिरली ती बहुधा त्यामुळेच. काकांनी काय केलं असेल? कुणीही वायरमन करतो तेच, स्टार्टरच्या इनकमिंगच्या, म्हणजे लाइनकडून येणाऱ्या तारांच्या, दोन फेज बदलल्या. दिशा सरळ झाली. सामान्य स्टार्टरवर हा उपाय शंभर टक्के बरोबर आहे. स्टार-डेल्टावर मात्र इनकमिंगच्या दोन फेज बदलल्या की चांगली जोडणी आपोआप वाईट होते, कारण फेजचा क्रम उलटला आणि डेल्टाच्या तारा होत्या तिथेच राहिल्या. मोटर चालते, शाफ्ट बरोबर दिशेला फिरतो आणि खट् होताना ब्रेकर पडतो. मला तुमच्याकडे हेच झाल्याचा दाट संशय आहे. इथे बसून खात्री देता येत नाही. पण पैसे खर्च करण्याआधी तपासायची ही पहिली गोष्ट आहे, आणि तपासायला फक्त अर्धा दिवस लागतो.

कसं तपासायचं ते सांगतो. हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं, आणि काका तसे असणारच. मेन बंद, त्यावर कुलूप, टेस्टरने तिन्ही फेज मेल्याची खात्री. मोटरवर कपॅसिटर असेल तर तो रिकामा व्हायला काही मिनिटं थांबणं. मग इनकमिंगच्या फेज रिवाइंडिंगच्या आधी होत्या तशा परत लावायच्या. आता मोटर उलटी फिरेल. ती सरळ करायची मोटरच्या पेटीत, पण जोडीने : यू१ आणि व्ही१ ची अदलाबदल, आणि त्याच वेळी यू२ आणि व्ही२ चीही. एकच जोडी बदलली आणि दुसरी विसरली तर डेल्टात एका वाइंडिंगची दोन्ही टोकं एकाच फेजवर येतात. ते वाइंडिंग मरतं आणि बाकीची दोन जळायला निघतात. म्हणून बदल करण्याआधी सहाही तारांना चिकटपट्टीचे बिल्ले लावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पट्टा उतरवून एकदा फिरवून दिशा बघा आणि मगच पट्टा चढवा.

यानंतर ब्रेकर पडणं थांबलं तर तुमचा प्रश्न एका पैशाच्या सामानाशिवाय सुटला. थांबलं नाही तर पुढचं वाचा. आणि थांबलं तरीही वाचा, कारण मोटर रिवाइंड झाली आहे आणि हंगाम मोठा आहे.

एक वही करा. दरवेळी मोटर सुरू करताना चार गोष्टी लिहा : वेळ, पॅनेलवरच्या व्होल्टमीटरचा आकडा, हॉपर रिकामं होतं की भरलेलं, आणि ब्रेकर पडला असेल तर कितव्या सेकंदाला. मुलाला नाहीतर गड्याला सांगून मीटरचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. काटा डोळ्यांनी धरता येत नाही इतका झरझर हलतो, व्हिडिओ थांबवून थांबवून बघता येतो. स्टारमध्ये असताना अँपियरचा काटा वर जाऊन खाली उतरायला लागला पाहिजे आणि उतरल्यावरच खट् झालं पाहिजे. काटा वरच असताना खट् होत असेल तर मोटरने अजून वेग घेतलेला नाही. तशा वेळी डेल्टा लागणं म्हणजे मोटर जवळपास थेट लाइनवर सोडल्यासारखंच. टायमर चार-पाच सेकंदांनी वाढवून बघता येतो. पण स्टारमध्ये मोटरला फार वेळ रेटत ठेवणंही बरं नाही. पंधरा-वीस सेकंदांत वेग येत नसेल तर दोष टायमरचा नाही, भाराचा किंवा व्होल्टेजचा आहे.

भाराचं तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही, गिरणी तुमची आहे. तरी विचारतो. रात्री बंद करताना हलरमध्ये धान राहतं का? आधी धान बंद करून, हलर आणि पॉलिशर रिकामे फिरवून मग मोटर बंद करायची सासऱ्यांच्या वेळची शिस्त अजून आहे का? पट्टा नवा घेतल्यावर जास्त ताणला गेलाय का? सकाळी मेन बंद असताना शाफ्ट हाताने फिरवून बघा. कुठे अडखळला, एखादं बेअरिंग करकरलं, तर मोटर सुरू व्हायच्या आधीच तुम्हाला कळेल. स्टारमध्ये एक तृतीयांशच जोर असतो हे वर म्हटलं ते याच्यासाठी. भरलेल्या हलरसकट शाफ्ट उचलायचं काम स्टारचं नाही.

व्होल्टेजचं गणित याहून कडक आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट मिळाले तर जोर एकाहत्तर टक्क्यांवर येतो, आणि स्टारमध्ये त्याचाही एक तृतीयांश. तुमच्या डीपीवर शेतीपंपही असतील तर थ्री-फेज आल्याबरोबर सगळे पंप एकदम उठतात आणि त्याच दहा मिनिटांत तुम्हीही बटण दाबता. वहीत ब्रेकर पडण्याच्या वेळा तिथेच गोळा झालेल्या दिसल्या तर मोटर अर्ध्या तासाने सुरू करून बघा. मोटर उठताना व्होल्टमीटर किती खाली जातो तेही लिहा. डीपीपाशी बरं असलेलं व्होल्टेज तुमच्या पॅनेलवर बसत असेल तर सर्व्हिस केबल बारीक आहे किंवा एखादा लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) सैल आहे.

लगविषयी दोन शब्द, कारण मी पाहिलेल्या तक्रारींत हा फार वेळा निघाला आहे. अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलवर नुसती पिळून बसवली की वर्षा-दोन वर्षांत ती सैल पडते आणि तापते. ती ऊब ब्रेकरच्या पट्टीत शिरते आणि ब्रेकर जास्त भार नसतानाही पडतो. मेन बंद करून बघा : लगचा रंग तांबूस-निळसर झालाय का, केबलचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलंय का. द्विधातू लग आणि नीट क्रिम्पिंग, एवढाच यावर इलाज.

रिवाइंडिंगची परीक्षाही घ्यायला हवी, आरोप म्हणून नव्हे, नोंद म्हणून. पट्टा उतरवून मोटर रिकामी चालवा आणि टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) तिन्ही तारांवर धरा. रिकाम्या मोटरने पूर्ण भाराच्या साधारण तीस-चाळीस टक्के घ्यावेत, म्हणजे तुमच्याकडे सोळा ते बावीस अँपियर, आणि तिन्ही फेजवर जवळपास सारखे. टेस्टर पॅनेलच्या इनकमिंगवर धरा, कारण मोटरकडे जाणाऱ्या सहा तारांत करंट विभागला जातो आणि आकडा कमी दिसतो. तीसच्या वर आला तर वेढे कमी पडले असतील, आणि अशी मोटर उठतानाही जास्त ओढते. एकच फेज वेगळी दिसली तर आधी लाइनचं व्होल्टेज तिन्ही फेजवर मोजा, मग मोटरवर संशय घ्या. व्होल्टेजमधला एक टक्क्याचा फरक करंटमध्ये सहा-सात टक्क्यांचा होऊन दिसतो. शिवाय ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी मोजून घ्या. एक मेगओमच्या खाली आलं तर ओल आहे, मोटर चालवू नका.

आता काकांचा १६० चा ब्रेकर. काका चुकीचं बोलत नाहीत. १६० चा टाकला तर पडणं खरोखर थांबेल, कारण चुंबकी पहारेकऱ्याची रेघ आठशेवरून सोळाशे अँपियरच्या आसपास जाईल आणि तो झटका त्याखाली बसेल. म्हणूनच हा उपाय गावोगाव चालतो. पण ब्रेकर मोटरसाठी लावलेला नसतो, तो केबलसाठी असतो. मोटर जपण्याचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं, तो करंट जास्त वेळ जास्त राहिला की मोटर बंद करतो. १६० चा टाकला की ८० साठी घातलेली केबल दीडशे अँपियर वाहत बसली तरी ब्रेकर गप्प राहील. आणि गावाकडच्या लाइनवर लांब केबलच्या टोकाला शॉर्ट झाला तर तिथे सोळाशे अँपियर मिळतीलच याची खात्री नाही. मिळाले नाहीत तर ब्रेकर पट्टी तापायची वाट बघेल आणि तोवर केबल जळत राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका डाळ मिलमध्ये मालकाच्या आग्रहाखातर १०० चा काढून २०० चा ब्रेकर मी स्वतःच्या हाताने बसवला. पाच-सहा महिने सगळे खूश होते. मग एके दिवशी पॅनेलच्या तोंडाशी केबल तापून शॉर्ट झाली. ब्रेकर पडला तोवर हातभर केबल कोळसा झाली होती आणि चार पावलांवर रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. माणसं जवळ होती म्हणून वाळू टाकून आग दाबली. त्या जळक्या प्लॅस्टिकचा वास मला अजून आठवतो. तुमच्या गिरणीत तर तूस आणि कोंड्याची धूळ असते. तुमच्या पोटात गोळा आला तो योग्यच होता, ताई.

ब्रेकर मोठा करणं कायम चूकच असतं असं नाही. केबल त्या लायकीची आहे, रिले बरोबर लावलाय, आणि उत्पादकाच्या तक्त्यात ४० एचपीच्या स्टार-डेल्टासाठी तो ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि रिले यांची जोडी दिलेली आहे, असं असेल तर खुशाल बदला. सगळ्या चांगल्या कंपन्या असे तक्ते देतात, दुकानदाराकडे मागा. काही एमसीसीबींवर चुंबकी रेघेची छोटी चकती असते. नवा ब्रेकर टाकताना ती सगळ्यात खालच्या आकड्यावर राहिली असेल तर तुमचा ब्रेकर विनाकारण घाई करतोय. तेही बघून घ्या. एक-दोन रेघा वर सरकवणं आणि दुप्पट ब्रेकर टाकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि रिले. बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वाटेवर असतो, म्हणून तो पाटीवरच्या करंटच्या ५८ टक्क्यांवर लावायचा. ५४ चे ५८ टक्के म्हणजे ३१ अँपियर. रिलेची चकती ५४ वर असेल तर मोटरने नव्वदच्या वर ओढले तरच तो जागा होईल, म्हणजे तो असून नसल्यासारखा. तुमची मोटर पावसाळ्यात जळाली ती का जळाली, हे पत्रात नाही. चकतीवरचा आकडा बघितला तर कदाचित तेही कळेल. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) आहे का, आणि कुणी त्याला बायपास करून ठेवलेलं नाही ना, हेही बघा.

दिरांच्या व्हीएफडीबद्दल थोडक्यात सांगतो. वस्तू चांगली आहे. मोटर पूर्ण जोराने पण लाइनवर झटका न देता उठते. पण तुमच्या गिरणीला एकच वेग लागतो, त्यामुळे व्हीएफडीचा मोठा फायदा तुम्हाला मिळणार नाही. कोंड्याच्या धुळीत तिला बंद, थंड पेटी लागेल, आणि जुन्या रिवाइंड मोटरच्या इन्सुलेशनवर तिचा जास्त ताण येतो. सॉफ्ट स्टार्टर त्याहून स्वस्त, पण तोही व्होल्टेज कमी करूनच मोटर उठवतो, म्हणजे जोरही कमी. जड शाफ्टला तो पुरेल का हे आधी तपासावं लागेल. ‘डिमांडचं बिल कमी होईल’ असं विक्रेता म्हणेल. डिमांड मीटर काही मिनिटांची सरासरी धरतो, दहा सेकंदांच्या झटक्याने ती फारशी हलत नाही. त्या एका कारणासाठी पैसे घालू नका. पुढे कधी नवी मोटर घ्याल तेव्हा दिरांशी बसून पुन्हा हिशेब करा. त्यांची कल्पना तेव्हा उपयोगी पडेल.

अशीच तक्रार असलेल्या इतर वाचकांसाठी : ब्रेकर बटण दाबताक्षणी पडत असेल तर केबल आणि मोटर मेगरने तपासा. सगळं ठीक निघालं आणि मोटर नवी, जास्त कार्यक्षमतेची असेल तर तिचा पहिला झटकाच मोठा असतो, तिला मोटर-ड्युटीचा ब्रेकर लागतो. छोट्या पिठाच्या गिरणीवर सी-कर्व्हचा एमसीबी (छोटा ब्रेकर) असेल तर डी-कर्व्हचा विचार करा, त्याची चुंबकी रेघ दहा ते वीस पट असते. अर्ध्या-एक मिनिटाने पडत असेल तर भार, व्होल्टेज, सैल लग. फक्त भर दुपारी पडत असेल तर पॅनेलवर ऊन येतं का ते बघा, पट्टीचा ब्रेकर साधारण ४० अंशांवर जुळवलेला असतो. ब्रेकरचा खटका जागेवरच असून मोटर बंद पडत असेल तर ब्रेकर पडलेलाच नाही : रिले पडलाय किंवा कमी व्होल्टेजने कॉन्टॅक्टरची कॉइल सुटली आहे. आणि ईएलसीबी (विजेची गळती होताच पडणारा ब्रेकर) पडत असेल तर गळती शोधा. त्याला कधीही बायपास करू नका, तो माणसाच्या जिवासाठी आहे.

तुम्ही लिहिता की पडला की पुन्हा उचलून लावतो आणि बहुतेकदा चालू होते. ते थांबवा. या आकाराच्या मोटरने थंड असताना लागोपाठ दोनदा, गरम असताना एकदाच उठावं. तिसऱ्यांदा बटण दाबण्याआधी अर्धा तास जाऊ द्या, शेतकरी कितीही घाई करोत. प्रत्येक उठण्यात वाइंडिंग तापतं, आणि तुमचं वाइंडिंग नवं आहे ते तसंच राहू दे.

राहिले काका. तुम्हाला त्यांना नाही म्हणायचं नाही, आणि म्हणायची गरजही नाही. वही आणि व्हिडिओ घेऊन एका संध्याकाळी त्यांना चहाला बोलवा. ‘तुम्ही फेज बदलल्यात म्हणून हे झालं,’ असं म्हणू नका. एक तर ते अजून सिद्ध झालेलं नाही, आणि त्यांनी जे केलं ते त्यांच्या जागी मीही केलं असतं. इतकंच विचारा, ‘काका, मोटर उलटी फिरली तेव्हा कुठल्या फेज बदलल्या होत्या? आणि ब्रेकर पडतो तो बरोबर खट् होतानाच का पडत असेल?’ इतकी वर्षं ज्या माणसाने ते पॅनेल सांभाळलं त्याला हा प्रश्न गप्प बसू देणार नाही. त्यांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखवा. त्यांना काही शंका असेल तर त्यांनी मला लिहावं, मी त्यांना उत्तर देईन.

तारा बदलल्यावर लगेच दहा वेळा सुरू करून बघू नका, वर सांगितलं तसं मोटरला विश्रांती हवी. रोजच्या कामातच सुरू करत जा आणि आठवडाभर वहीत लिहा. ते पान आणि रिलेच्या चकतीचा फोटो मला पाठवा. सोबत मोटरच्या पाटीचा फोटोही हवा.